ओतिलियाचे उरलेले भाग

एदेल्मिराबाईंचा कॉम्प्युटर जुना होता, पण कुरकुऱ्या नव्हता. त्यांनी बोलावलं तेव्हा यामिलाला वाटलं, व्हायरस शिरला असेल; साफ करू, कॉफी पिऊ, निघू. क्यूबातल्या कामाग्वे शहराच्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांत घरोघर जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा तिचा धंदा. यंत्र रुसतं ते कारणानंच, आणि नीट शोधलं की कारण सापडतं, एवढं ती अनुभवानं शिकली होती.

"कॉम्प्युटरचं नाही गं, पोरी, या डबीचं दुखणं आहे," एदेल्मिराबाई म्हणाल्या.

डबी म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. त्यांच्या धाकट्या बहिणीची, ओतिलियाची. दोघी बहिणी जन्मभर याच घरात राहिल्या. ओतिलिया फेब्रुवारीत गेली. दोघींचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते, आणि दुसरीकडे कुठंच नव्हते.

यामिलानं डिस्कला कान लावला. आत बारीक टकटक चालली होती, नखानं टेबल वाजवावं तशी.

"मावशी, ही फार दिवस टिकायची नाही. आजच फोटो उतरवून घेऊ."

उतरवायला घेतले, तर काम जागचं हलेना. पडद्यावर सूचना आली, डिस्क वापरात आहे. तिनं उघडे प्रोग्राम बंद केले, व्हायरस शोधला, केबल बदलली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. स्वतःच्या लॅपटॉपला जोडून पाहिली, तर तिथं डिस्क दिसेचना. पुन्हा इथं लावली की लगेच ओळख पटायची आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा.

शेवटी कोणती फाईल उघडी आहे ते दाखवणारा एक छोटा प्रोग्राम तिनं चालवला. एका तुर्की मालिकेचा भाग वाचला जात होता. पडद्यावर चित्र नाही, आवाज नाही, मालिका लावणारा प्रोग्रामही बंद. तरी फाईल इंचाइंचानं पुढं सरकत होती. घाईनं नाही, कुणी बसून बघावी तशा चालीनं. भाग संपला. दिवा क्षणभर थांबला आणि पुढचा भाग सुरू झाला.

"ही मालिका तुम्ही बघत होता?"

"दोघी बघायचो. दर आठवड्याला सिनेमे-मालिका भरलेली डिस्क घेऊन तो माणूस येतो ना, त्याच्याकडून घेतलेली. ती दवाखान्यात गेली आणि राहिली अर्धी. मला एकटीला बघवेना."

"कुठवर बघून झाली होती?"

एदेल्मिराबाईंनी ती गोष्ट सांगितली. बंदरावरचा डॉक्टर, त्याची आंधळी आई, लग्नातून पळालेली मुलगी. डिस्कवर वाचला जात होता तो भाग त्याच्या बराच पुढचा होता.

यामिलानं घसा साफ केला. "फाईलमध्ये काहीतरी बिघाड आहे, मावशी. कॉम्प्युटर तिच्यातच अडकलाय, एकामागून एक भाग वाचत सुटलाय. मालिका पुसून टाकते, म्हणजे डिस्क मोकळी होईल."

"किती राहिलेत?"

"दोनच भाग."

"मग पुसू नकोस."

"तोवर डिस्क बसली तर फोटो जातील. सगळे."

एदेल्मिराबाई म्हणाल्या, "फोटोतलं मला तोंडपाठ आहे. शेवट तिला ठाऊक नाही. बघू दे तिला."

यामिलानं माऊसवरचा हात काढून घेतला. वेडेपणा होता खरा. अंगणातल्या मातीच्या रांजणांवर दुपारचं ऊन होतं. कापडी गाळणीतून कॉफी ठिबकत होती. डिस्क तापली होती, टकटक आता घशात अडकल्यासारखी येत होती. यामिलानं तिच्याखाली ओलं फडकं घातलेली बशी सरकवली, तापलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशी जपून.

शेवटचा भाग सुरू झाला, आणि वीज गेली.

पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला. शेजारी कुणीतरी सरकारच्या नावानं एक शिवी हासडली.

हिरवा दिवा चालू होता.

यामिलानं केबल बोटांनी चाचपत नेली. ती बंद कॉम्प्युटरला जोडलेली होती. दुसरी वायर नव्हती. डिस्क बशीत थरथरत होती.

"मावशी..."

एदेल्मिराबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. त्यांची मान डाव्या बाजूला कलली होती.

"हं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, "मग?"

यामिलानं हातातली केबल सोडून दिली.

बऱ्याच वेळानं दिवा विझला. टकटकही थांबली.

वीज आल्यावर तिनं कॉम्प्युटर चालू केला. डिस्कनं मुकाट्यानं फोटो दिले. एकही गेला नाही. दोघी बहिणी जत्रेत, दोघी समुद्रावर, दोघी केकवर फुंकर घालताना. एदेल्मिराबाईंनी डोळे पुसले आणि हसल्या. यामिलानं सवयीनं मालिकेचा शेवटचा भाग तपासला. तो मुळातच फुटका होता. नाव तेवढं होतं, आत पहिल्या मिनिटापासून काही नव्हतं.

"वाईट वाटतं, मावशी. शेवट काही तुम्हाला बघता यायचा नाही."

"मला कळला. डॉक्टर आईला घेऊन गावी परत जातो. ती मुलगी येत नाही."

"कुणी सांगितलं?"

"ओतिलियाच्या पोटात कधी काही राहायचं का? मी स्वयंपाकघरात असले की पुढचं बघून ठेवायची आणि सांगून मोकळी व्हायची. किती भांडलेय मी त्यावरून." त्या थांबल्या. "आज माझाही शेवट सांगायला लागली. मी म्हटलं, राहू दे, येईल तसा बघेन."

यामिलानं केबल गुंडाळायला घेतली.

"तुझा मात्र मी अडवायच्या आत सांगून टाकला."

केबलचा वेढा सुटला. तिनं तो पुन्हा घातला. एदेल्मिराबाई वाट बघत होत्या, मायेनं, घाई न करता. यामिलानं विचारलं नाही.

दारापर्यंत त्या सोबत आल्या. तिचा हात हातात घेतला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला.

"घरी पोचलीस की फोन कर हं, पोरी."

यामिला राहायची ती समोरच्याच गल्लीत.