बोल्टावरची जांभळी रेघ

"कपिलधारला येणार न्हाई? कावून?" मन्मथ ओरडलाच. "जीपमधी खिडकीची जागा धरून ठेवली तुझ्यासाठी!"

"बसव तुझ्या मांजराला खिडकीत!" शिवकन्या फणकारली. "आमच्या ताईला उद्या उसाला नेतेत. मला धबधबा सुचतोय व्हय!"

मन्मथनं जीपचा विषय तिथंच सोडला. शिवकन्येचा चुलतभाऊ, झोपेतही बडबडणारा अभिमन्यू, तोही जवळ सरकला. दिवाळीच्या सुट्टीचा हा तिसराच दिवस होता.

शिवकन्येची ताई म्हणजे रोहिणी. आयटीआय करून तिनं सिरसाळ्याच्या बाजारपट्टीत पत्र्याच्या शेडखाली इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. "पोरीच्या हातात पाना!" म्हणून खिदळणारी माणसं दोन वर्षांत आपापल्या मोटारसायकली घेऊन तिच्याच दारात उभी राहायला लागली होती. आणि आठ दिवसांपूर्वी राधाकिशन मुकादमांचा ट्रॅक्टर भर रस्त्यात जाम झाला! इंजिनाखालचं तेलाचं चेंबर त्याआधी रोहिणीनंच खोलून बसवलं होतं. झालं! मुकादमांनी गावभर सांगितलं, "त्या पोरीनं माझं इंजिन खाल्लं." तेव्हापासून शेडकडे चिटपाखरू फिरकलं नाही.

त्यात आईची, भिवराबाईची, कंबर धरलेली. ऊसतोडीचा कोयता म्हणजे दोघांची जोडी. मुकादम म्हणाले, "पोरगी रिकामीच हाय की! येऊ द्या बापाच्या जोडीला." मुकादमांकडून आगाऊ उचल घेतलेली, त्यामुळे बाबांना नाही म्हणता आलं नाही. टोळी उद्या सकाळी निघणार होती.

"ताईनं चूक केलीच न्हाई," शिवकन्या म्हणाली. "बॅटरी धरून मीच बसलते शेजारी. चला, ट्रॅक्टर बघू!"

ट्रॅक्टर मुकादमांच्या गोठ्यामागं लिंबाखाली उभा होता. शिवकन्या पाठीवर सरपटत खाली शिरली आणि तिथूनच किंचाळली, "मोडल्यात! समद्या रेघा मोडल्यात!"

"कसल्या रेघा बे?" अभिमन्यूनं डोकं आत घातलं आणि टाळकं आपटून घेतलं.

"माझ्या नेलपॉलिशच्या! ताई बोल्ट आवळला की बोल्टावरून चेंबरपर्यंत एक रेघ ओढती. बोल्ट हलला की रेघ तुटती, बघितल्याबरोबर कळतं. जत्रेतली अख्खी जांभळी बाटली संपवली तिनं माझी. आता बघ, अर्धी रेघ इकडं, अर्धी तिकडं!"

"म्हंजे ताईनंतर कुणीतरी चेंबर खोललंय!"

"आणि हे काय?" चेंबरला मोठा पोचा आला होता. आणि सांध्यातून, गुळाच्या पोळीतून गूळ बाहेर यावा तसं, गळती बंद करायचं लालभडक सिलिकॉन बाहेर आलं होतं. रोहिणी राखाडी सिलिकॉन वापरायची, तेही दोऱ्याएवढं बारीक.

मन्मथनं लाल तुकडा खरवडून बघितला आणि त्याचा चेहराच उतरला. त्याच्या वडिलांचं, अमरनाथ शेटचं, स्पेअरपार्टचं दुकान होतं. "ही ट्यूब आमच्याच दुकानातली. शहादेवमामा घेऊन गेलते. पप्पा त्यांना ओरडून सांगत होते, पातळ लावा, रातभर वाळू द्या!"

शहादेव म्हणजे मुकादमांचा ड्रायव्हर. "माझ्याबिगर ट्रॅक्टरखाली कुणी जात न्हाई, आन् त्या पोरीनंतर मी बी चेंबरला हात लावला न्हाई," असं चावडीवर शपथ घेऊन सांगणारा हाच गडी!

"चला, मुकादमांना सांगू!" अभिमन्यू उठलाच.

"पोरांचं कोण ऐकतंय? त्याच्याच तोंडून निघालं पाहिजे," शिवकन्या म्हणाली. "मन्मथ, तुझी वही आण. अभ्या, तू मुकादमांना ट्रॉलीमागं आण. काय बी थाप मार!"

शहादेव ट्रॉलीच्या अलीकडं बाजेवर पडून मोबाइल बघत होता. दोघं वही घेऊन अदबीनं उभी राहिली.

"मामा, सुट्टीचा प्रकल्प हाय आमचा, इंजिन दुरुस्तीवर. गुरुजी म्हणले, जाणकार माणसाला विचारा. आमी म्हणलं, तुमच्यावाचून कोण हाय!"

शहादेव उठून बसला. केसांवरून हात फिरवला. "लिहा!"

तेवढ्यात ट्रॉलीमागं अभिमन्यूचा आवाज आला, "काका, टायर बसल्यागत वाटतंय, नीट बघा ना वाकून!" शिवकन्येनं लगेच पहिला प्रश्न टाकला.

"चेंबरला सिलिकॉन किती लावायचं मामा? अर्धी ट्यूब?"

"अर्धी? येडी का खुळी! अख्खी थापायची! त्या पॅकिंगच्या भानगडीतच पडायचं न्हाई, फेकून द्यायचं."

"वाळायला किती वेळ?"

"वाळायला कशाला? तेल भरायचं, सेल मारायचा! माझं तर पाच मिनिटांत चालू झालतं. चेंबर दगडावर घासलं, तेल गळाया लागलं, म्हणलं मुकादमाला कळायच्या आत..."

तो बाजेवरून ताडकन उठला. ट्रॉलीमागून राधाकिशन मुकादम बाहेर आले होते.

रोहिणीला बोलावणं गेलं. तिनं येऊन चेंबर खोललं. आतल्या तेलाच्या जाळीवर लाल गोळे गच्च बसले होते.

"जास्तीचं सिलिकॉन नुसतं बाहेर येत न्हाई, आत बी पडतं," ती म्हणाली. "जाळी तुंबली, वर तेल गेलंच न्हाई. तेल असून इंजिन कोरडं चाललं." बोलताना तिचा आवाज जराही चढला नाही. शिवकन्येला त्याचाच राग आला.

बघता बघता गर्दी जमली. "काय डोकं हाय पोरांचं!" "शाब्बास रे वाघांनो!" अमरनाथ शेटनी तिघांची पाठ थोपटली. मुकादमांनी पेढे मागवले आणि शिवकन्येच्या हातात एक ठेवून म्हणाले, "लई हुशार! गावाचं नाव काढशील!"

"मग ताई उद्या राहणार ना?" शिवकन्येनं विचारलं.

मुकादम हसले. "अगं, टोळी ठरली. एक कोयता ऐनवेळी कमी कसा करू? एका हंगामाचा तर सवाल हाय. आल्यावर टाकंल की दुकान."

"पण तुमीच तिचं दुकान बुडवलं! खोटं बोलून! चुकलो म्हणा की! म्हणायला जीभ झडती का?"

"शिवे!" भिवराबाईनं दंडाला धरून तिला मागं ओढलं. "मोठ्यांना असं बोलू न्हाई." बाबा खाली मान घालून उभे होते. शिवकन्येनं पेढा परत मुकादमांच्या हातात कोंबला आणि पळत सुटली.

सकाळी दुसरा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, लेकरं असं सगळं चढलं. आणि मुकादम काय म्हणाले असतील?

"रोहिणी, ट्रॉली जोडायच्या हुकाचे बोल्ट बघ बाई जरा. तुझ्यासारखा हात न्हाई कुणाचा."

शिवकन्येच्या अंगाचा तिळपापड झाला. "नको करू ताई! कावून करतीस त्यांचं काम?"

"ट्रॉलीत बाबा बसणारेत. ती लेकरं बसणारेत," रोहिणी म्हणाली. तिनं एकेक बोल्ट काढला, आटे पेट्रोलनं पुसून कोरडे केले आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या निळ्या औषधाचा एकेक थेंब सोडला.

"ते जहाल लाल लाव ना, सुटायलाच नको!" अभिमन्यूनं सुचवलं.

"परत खोलावं लागतं रे कधीतरी. निळंच बरं." मग ती मुकादमांकडे वळली. "अर्धा तास ट्रॅक्टर हलवायचा न्हाई. औषध धरू द्या."

आणि मुकादम खरंच अर्धा तास गुमान बसून राहिले! मन्मथ कपिलधारची जीप सोडून आला होता. तो म्हणाला, "कालच असं ऐकलं असतं तर?"

रोहिणीनं हात पुढं केला. शिवकन्येनं खिशातून बाटली काढली. तळाशी उरलेली जांभळी नेलपॉलिश ब्रशनं खरवडून रोहिणीनं चारही बोल्टांवर रेघा ओढल्या. मग रिकामी बाटली आणि शेडची किल्ली शिवकन्येच्या हातात देऊन ती ट्रॉलीत चढली.

"या तीन पोरांसारखी पोरं पाहिजेत गावात!" मुकादम पुढच्या सीटवरून ओरडून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रॅक्टर सुरू झाला.

शिवकन्या टाळ्यांमधून वाट काढत ट्रॉलीबरोबर धावली. पहिल्या खड्ड्यात ट्रॉली जोरात आदळली, तशी ती वाकली आणि हुकाकडे बघितलं. चारही रेघा जागच्या जागी होत्या. ताईचं काम पक्कं होतं.