दारातली झळ

पूर्ण्याच्या बाजारात चंद्रभान फिटर शिंदीची केरसुणी निवडत होता. पाती दाबून बघायचा, उन्हाकडं धरायचा, परत ठेवून दुसरी उचलायचा.

"फिटर, केरसुणी घ्यायलास का बायको?" विकणारी धुरपताबाई म्हणाली.

"बायको करताना एवढं बघितलं न्हाई मावशी, म्हणून तर आता बघायलोय."

हसा खुशाल. पण त्या केरसुणीला जीव टांगलेला असायचा. गावाबाहेर वनस्पती तुपाची मिल होती. तेल गोठवायला हायड्रोजन लागतो, आणि तो करायचा तर रिअ‍ॅक्टरमधल्या लालबुंद लोखंडावरून वाफ सोडावी लागते. या गॅसला ना रंग, ना वास. फट मिळाली की निसटतो, पेटला तर भर उन्हात त्याचा जाळही दिसत नाही. म्हणून गळती धुंडणारा केरसुणी पुढं धरून चालायचा. पाती जळाली की समजायचं, जाळ इथं आहे.

मागच्या उन्हाळ्यात सटवाजी फिटर घाईघाईत मोकळ्या हातानं गेला. आवारातल्या लोकांना जाळ दिसलाच नाही. दिसला तो भर दुपारी नाचणारा सटवाजी. दोघंतिघं तर हसलेही; तो कोळसा होऊन पडला तेव्हा कळलं.

चंद्रभान मिलमध्ये पोचला तेव्हा सुपरवायझर माणिकराव रिअ‍ॅक्टरपाशी घाम पुसत उभे होते. गॅसच्या दाबाचा काटा सकाळपासून उतरत होता. नामांतराच्या बंदमुळं एस.टी. थांबलेल्या, औरंगाबादचा इंजिनिअर परभणीतच अडकलेला.

"साबणाचं पानी लावून बघितलं, सायब?"

"सगळ्या सांध्यांना. एक बुडबुडा न्हाई."

"मंग बंद करा की."

"आन मालकाला काय सांगू? तू आधी धुंड."

चंद्रभाननं केरसुणी पुढं धरली. वैशाखाचं ऊन, वारा पडलेला, पत्रे तडतड वाजत होते. रिअ‍ॅक्टरला वळसा घातला, काही नाही. पाइपाच्या कडेनं चालला, काही नाही. परत फिरला, आणि मोकळ्या आवाराच्या मधोमध पाती चर्रकन आक्रसून पेटली.

तो थबकला. आजूबाजूला पाइप नव्हता. नुसती माती.

दोन पावलं मागं सरून त्यानं केरसुणी विझवली. तिथंच उभा राहिला. ना तो पुढं गेला, ना केरसुणी पुढं केली, तरी पाती पुन्हा पेटली. जाळ चालत आला होता.

करपल्या केसांचा वास आला. केरसुणीला कुठला केस?

"सटवाजीदादा...?" चंद्रभान पुटपुटला.

तोंडावरची झळ हळूच सरकली. बाजूनं गेली. जमिनीवरचा पाचोळा एकेक पान काळा पडत निघाला... डब्यांच्या शेडकडं.

त्या शेडमध्ये चंद्रभानची बायको सुमनबाई तुपाच्या डब्यांची तोंडं कथलाचा डाग देऊन बंद करायची. सकाळभर डबे नुसते भरून झाले होते; जेवणाची सुट्टी संपली, आता डाग द्यायचे होते. बाहेर लिंबाखाली फुललेली शेगडी उचलून ती शेडकडंच निघाली होती.

चंद्रभान धावला. "सुमन! मागं सर!"

"अवो, वरडता कशाला? निखारे सांडतेल ना!"

ती दारापाशी आली आणि आपणहून थांबली. "आगं माय... दारात कसली भट्टी लावलीय? जाऊच देईना."

"तिकडं न्हाई, दादा..." चंद्रभान हात जोडून म्हणाला. "माझी बायको हाय ती..."

झळ हलली नाही. दार अडवून उभी राहिली. चंद्रभाननं बाजूच्या झरोक्यातून आत पाहिलं. पाइप याच शेडच्या फरशीखालून जात होता, तेवढाच तुकडा कुणी तपासलेला नव्हता. फरशीच्या फटीपाशी लाकडाचा भुसा थुई थुई उडत होता. वारा तर पानही हलवत नव्हता.

गळती इथंच होती. गॅस वर चढतो. शेडच्या पत्र्याखाली सकाळपासून साठलेला असणार. शेगडी आत गेली असती तर...

त्यानं सुमनला दंडाला धरून लांब नेलं, निखाऱ्यांवर घागर ओतली आणि बोंब ठोकली. माणिकरावांनी या वेळी मालकाचं नाव काढलं नाही. रिअ‍ॅक्टर बंद झाला, बाया लांब झाल्या, शिडी लावून पत्रे सरकवले. पण दारात जाळ उभा आणि आत गॅस कोंडलेला, तरी भडका कसा उडाला नाही, हे माणिकराव परत परत विचारत होते.

संध्याकाळी मिल गार पडल्यावर नवराबायको गावच्या वाटेला लागली.

"अवो," सुमन म्हणाली, "दिस कलला तरी पाठीला ऊन लागायलंय."

"चल तू. मागं बघू नको."

"का हो?"

चंद्रभाननं नजर पुढंच ठेवली. हा जाळ उन्हात दिसत नाही. अंधारात दिसतो, फिकट निळा. त्यानं तिचा हात घट्ट धरला आणि पावलं उचलली. सूर्य बुडाला, चांदणं नव्हतं, रस्ता काळाकुट्ट झाला.

आणि तरी दोघांच्या लांबच लांब सावल्या त्यांच्या पुढं पडल्या होत्या.