मागच्या गाडीचा हॉर्न

टायरच्या धंद्यात एक गंमत आहे. लोक हवा भरून घ्यायला येतात आणि आम्ही त्यांना हवा काढायला शिकवतो. वाळूत गाडी घालायची तर टायर चांगला मऊ करावा लागतो. मग तो पसरतो आणि गाडी रुतत नाही. शारजात माझं दुकान नवीन होतं तेव्हा एका लेबनानी साहेबाला मी हे सांगितलं, तर तो भडकला. म्हणाला, "हबीबी, अर्धी हवा विकतोस होय?" त्याच आठवड्यात त्याची गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली. पुढे आयुष्यभर तो माझ्याकडेच येत राहिला, आणि आला की आधी स्वतःच हसायचा.

असे किस्से माझ्याकडे पुष्कळ आहेत. हा मात्र मी चहाबरोबर सांगत नाही. तो दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगतो.

मुनीर आमचा दाभोळचा. जबल अलीच्या एका गोदामात मॅनेजर होता. त्याची बायको सुरैय्या आणि माझी लतिका सख्ख्या बहिणींसारख्या. सुरैय्याला लायसन्स मिळालं आणि ती मुनीरच्या शेजारी बसेनाशी झाली. "तुमचं ब्रेक मारणं बघून माझा जीव जातो," म्हणायची. स्वतःची जुनी, घोगऱ्या हॉर्नची जीप घेतली. सुट्टी आली की आमचा काफिला निघायचा. पुढे मुनीर, मध्ये आम्ही, शेवटी सुरैय्या, आणि तिच्या गाडीत चटया, पातेली, कोळसा.

काफिल्याचा एक कायदा असतो. प्रत्येकानं आपल्या मागच्या गाडीला सांभाळायचं. थांबून पुन्हा निघायचं असलं की शेवटची गाडी दोनदा हॉर्न देते. मी आहे, चला. तो ऐकून तिच्या पुढची गाडी देते, मग तिच्या पुढची. असा हॉर्न गाडीगाडीनं पुढे येतो, आणि तो पोचल्याशिवाय पहिली गाडी हलत नाही. कायदा कोणी केला ठाऊक नाही, पण वाळूत सगळे तो पाळतात.

मुनीरनं एकदाच मोडला. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात. आम्ही तेव्हा चिपळूणला होतो, त्यामुळे त्यांच्या दोनच गाड्या होत्या. हत्ताच्या बाजूला, डोंगरातल्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रात, ते उतरले होते. वर कुठेतरी पाऊस लागला. मुनीरच्या गाडीत त्यांची लहान मुलगी अलिना होती. आभाळ बघून तो घाबरला, हॉर्नची वाट न बघता वादी ओलांडून वर चढला. आणि मागे पाणी आलं.

सुरैय्याची जीप दुसऱ्या दिवशी बरीच खाली सापडली. तिला शारजातच दफन केलं.

त्यानंतर मुनीर घर आणि गोदाम एवढंच करायचा. गाडी चालवताना अर्धं लक्ष आरशात. अलिनाला शेजारी बसवायचाच नाही, मागच्या सीटवर ठेवायचा. शेवटी म्हणाला, "धनाभाऊ, पोरीला दाभोळला माझ्या आईकडे ठेवतो. माझ्यापाशी ती सलामत नाही." तिकीटसुद्धा काढलं. लतिका रडली. आई गेली, आता बापही तुटणार? मग मी ठरवलं, ह्याला पुन्हा एकदा वाळूत न्यायचा. ज्या जागी माणूस पडतो, तिथूनच उठतो, असा माझा हिशेब.

पुढच्या वर्षी ईदच्या सुट्टीत निघालो. पुढे मुनीर आणि अलिना, मागे मी आणि लतिका. लिवाला डोंगराएवढ्या वाळूच्या टेकड्या पाहिल्या. संध्याकाळी हरणांचा कळप आमच्यासमोरून पळाला, अलिना टाळ्या वाजवत ओरडली, "बाबा, लुक, दे आर फ्लाइंग!" आणि मुनीर वर्षात पहिल्यांदा हसला. मग किनाऱ्यानं वर आलो. उम्म अल कुवैन ओलांडून रास अल खैमाच्या अलीकडे एक खाडी आहे, तिथे फ्लेमिंगो उतरतात. खाडीकाठच्या वाळूवर तंबू ठोकले. मी मनात म्हटलं, यल्ला, चला, काम झालं.

फक्त एक गोष्ट लतिकाच्या नजरेत आली होती. "मुनीरभाई आपल्याकडे बघून थांबत नाहीत हो," ती म्हणाली. "आपल्याही मागे बघून थांबतात."

सकाळी उठलो तर तंबूबाहेर काहीच नव्हतं. धुकं. तिथल्या हिवाळ्यात समुद्रावरून असं धुकं येतं की हात पुढे केला तर बोटं अंधुक होतात. खाडीचं पाणी चढायला लागलं होतं. आम्ही आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये सबखा होता. सबखा म्हणजे खाऱ्या जमिनीचं सपाट मैदान. वरून पापडासारखं कडक, खाली चिखल. भरतीला पाणी खालून झिरपतं आणि पापड मऊ पडतो. मग गाडी गेली की गेली. म्हणून घाईनं निघालो, जुन्या चाकोरीवरून, हळूहळू. काचा खाली. ओल्या मिठाचा आणि कुजलेल्या शेवाळाचा वास. चाकांखाली मिठाचा चुरचुर आवाज, बाकी जगात आवाज नाही.

मैदानाच्या मध्यावर मुनीरच्या गाडीचे लाल दिवे थांबले.

मी दोनदा हॉर्न दिला. गाडी हलली नाही. पुन्हा दिला. शेवटी उतरलो आणि चालत गेलो. त्यानं इंजिन बंद केलं होतं.

"मुनीर, चल बाबा. पाणी येतंय."

"मागची गाडी येऊ दे, धनाभाऊ."

"मागची गाडी माझीच आहे रे!"

"तुमच्या मागची," तो शांतपणे म्हणाला. "कालपासून येतेय. तिचा हॉर्न आला की निघतो. ह्या वेळी मी थांबणार."

मागच्या सीटवर अलिना चिप्सचं पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "अंकल, आर वी वेटिंग फॉर मम्मी?"

जन्मभर जिभेवर पोट भरलेला माणूस मी. नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी मागे पाहिलं. माझ्या गाडीचे पांढरे दिवे, आणि त्यांच्यापलीकडे... दोन पिवळट डाग. भिजलेल्या कागदामागे कंदील धरावा तसे. जवळ येत नव्हते, विझतही नव्हते. मी स्वतःला सांगितलं, कोळ्याची पिकअप असेल. पायाखाली पाहिलं तर बुटाच्या ठशात पाणी भरत होतं.

वाद घालायला वेळ नव्हता, म्हणून मी व्यापाऱ्याची अक्कल लावली. गाडीत येऊन बसलो आणि गाडी उलटी वळवली.

"अहो, मागे कुठे?" लतिका दचकली.

"त्याला हॉर्न हवाय ना? लांबून देतो."

"तिच्या नावानं?"

"तिच्या नावानं म्हण."

"नका हो... गेलेल्या माणसाचं सोंग करू नये."

"सोंग नाही लतिका, औषध आहे. पोर बसलीये त्या गाडीत."

मुनीरचे दिवे दिसेनासे होईपर्यंत मागे गेलो. मग गाडी फिरवली. फिरवताना माझ्या दिव्यांचा झोत सगळीकडून फिरला. पिकअप नव्हती. कोणीच नव्हतं. नुसतं पांढरं मैदान. तोंड पुन्हा मुनीरकडे केलं, हॉर्नवर हात नेला...

हॉर्न वाजला. दोनदा.

माझा हात अजून हवेत होता.

आवाज आमच्या मागून आला. पाणी शिरलेला हॉर्न कसा वाजतो ते मला धंद्यामुळे ठाऊक आहे. घोगरा असतो आणि शेवटी घसरतो. तसाच.

"तुम्ही... दाबलात?" लतिकानं विचारलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले. आरशात ते दोन पिवळे डाग होते, अगदी पाठीशी.

पुढे धुक्यात मुनीरचं इंजिन सुरू झालं. मीही गाडी सोडली. चाकं दोनदा घसरली, पण निघालो. डांबरी रस्त्यावर चढलो तेव्हा अंगातला सदरा पिळण्यासारखा झाला होता.

रस्त्यावर आलं की टायरमध्ये परत हवा भरावी लागते. पंप माझ्याकडे होता. आधी मुनीरच्या गाडीत भरली. तो शेजारी उकिडवा बसला होता. डोळे वाहत होते आणि तरी चेहरा हलका झाला होता, तापातून उठल्यासारखा.

"धनाभाऊ, मला कळलं. तुम्हीच वाजवलात."

मी पंपाकडे बघत राहिलो.

"वळून मागे जाताना पाहिलं ना मी तुम्हाला. खुळा नाही मी. पण खरं सांगू? बरं वाटलं. कुणीतरी सांगायला हवं होतं, की जा आता." मग नाक पुसून म्हणाला, "तो घोगरा आवाज कसा काढलात हो? हुबेहूब तिच्या जीपचा!"

"जुना हॉर्न पडलाय गाडीत," मी म्हटलं.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "खलास. अलिना कुठे जात नाही. तिकीट रद्द करतो."

पोरीला पुढे शेजारी बसवलं, स्वतः तिचा पट्टा लावला आणि निघाला. आरशात न बघता. त्याचे लाल दिवे सरळ जात धुक्यात विरले. माझं काम झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता.

मग आमच्या टायरमध्ये हवा भरली. पंप बंद केल्यावर शांतता एकदम अंगावर आली. मी गाडीत बसलो. लतिका आरशात बघत होती.

ते दिवे सबखाच्या कडेला, डांबराच्या थोडे अलीकडे थांबले होते.

"सुरैय्याच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज भ्यालेला नव्हता. "एवढ्या जवळ येऊन... वर का येत नाही हो ती?"

वाऱ्याची एक झुळूक आली आणि खाडीच्या बाजूचं धुकं थोडं विरळ झालं. तेव्हा कळलं ती का थांबली आहे.

तिच्या मागे अजून दोन दिवे होते. त्यांच्या मागे अजून दोन. त्यांच्याही मागे. एकामागोमाग एक, पार पाण्यापर्यंत, आणि पाण्याच्याही आत जिथे चाकोरी असणं शक्य नाही तिथपर्यंत, पिवळट दिव्यांची रांग. सुरैय्या कायदा पाळत होती. मागच्यासाठी थांबली होती.

मग अगदी लांबून, समुद्रातून यावा तसा, हॉर्न ऐकू आला. दोनदा. त्याच्या पुढचा वाजला. मग त्याच्या पुढचा. प्रत्येकाचा आवाज वेगळा, प्रत्येक शेवटी घसरणारा. पुढे पुढे येत राहिला. अखेर अगदी जवळ, तो ओळखीचा घोगरा आवाज. दोनदा.

पुन्हा सगळं शांत. आता पाळी आमची होती.

मी हात मांडीखाली दाबून धरले. हा हॉर्न पुढे द्यायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. किती वेळ गेला कोण जाणे. ते दिवे नुसते थांबून होते. तक्रार नाही, घाई नाही. वर्षभर थांबलेल्या माणसाला अजून थोडं थांबायला काय लागतं?

लतिकाच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"किती तिष्ठत ठेवायचं हो तिला?" ती म्हणाली.

आणि मी अडवायच्या आत माझ्यावरून हात घालून तिनं हॉर्न दाबला. दोनदा.

सगळ्यात पुढचे दिवे हलले. मग मागचे. मग त्यांच्या मागचे. चाकांचा आवाज नव्हता, फक्त मीठ चुरचुरत होतं. एकेक गाडी डांबरावर चढू लागली. तिथून शारजापर्यंत रस्ता सरळ होता, आणि त्या काफिल्यात पहिली गाडी आमची होती.