पट्टीवरची तारीख

हेरंबच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाचं जेवण आटोपलं. तरसालीतल्या सोसायटीच्या हॉलचे दिवे मालवले तेव्हा साडेअकरा झाले होते. चार पोरं ओट्यावर रेंगाळली होती. त्यातल्या समरजितनं शेवटी विचारलंच.

"काका, यांची ॲनिव्हर्सरी तर येत्या डिसेंबरमध्ये ने? मग जूनमध्ये कसली पार्टी?"

"श्रीखंड तिसऱ्यांदा वाढून घेताना नाही आठवलं ते?" जयसिंगराव म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, हॉलची किल्ली सांभाळणारा, जिभेनं तिखट. पण आज ते हसले नाहीत. "सांगतो. त्याच्या बायकोच्या, मनालीच्या कानावर गेलं तर गाठ माझ्याशी आहे. आणि ही ऐकीव गोष्ट नाही. हेरंबनं स्वतः याच ओट्यावर बसून सांगितलेली."

गेल्या वर्षीची अकरा नोव्हेंबर. मंगळवार.

हेरंब एका खासगी हॉस्पिटलात कामाला. एक्स-रे, स्कॅन, सगळी चित्रं तिथं तळघरातल्या एका मोठ्या खोक्यात, डिस्कवर साठतात. त्या खोक्याची तब्येत राखायची हे त्याचं काम. कॉम्प्युटर दर पाच मिनिटांनी खोक्याला विचारतो, बरं आहे ना? आणि मध्येच काही बिनसलं तर खोकं आपणहून बोंब मारतं. एसएनएमपी म्हणतात त्याला. सूचना फोनवर येते, आणि तिच्या शेवटी दोन ओळी असतात: जबाबदार कोण, आणि ठिकाण कुठलं.

आधी हे काम विश्वासराव शिर्क्यांकडे होतं. तपकीर ओढणारा, कमी बोलणारा माणूस. आकडे बघूनच त्यांना कळायचं की ही डिस्क अमुक दिवसापर्यंतच टिकेल. मग जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी फाडायची, निळ्या शाईनं तारीख घालायची आणि डिस्कवर चिकटवायची. तारीख कधी चुकली नाही. दोन वर्षांमागे ते त्याच तळघरात, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. खुर्चीच्या पाठीला पट्टी सापडली. तारीख त्याच दिवसाची.

हेरंबनं सूचनेतलं त्यांचं नाव काढून आपलं घातलं. पट्ट्या बंद केल्या.

त्या रात्री मनाली त्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर होती. मेंदूतली रक्तवाहिनी फुगली होती, सकाळी सहाला ऑपरेशन. रंग टोचून काढलेली तिची चित्रं सोमवारची आणि प्रत निघते रविवारी, त्यामुळे तळघरातल्या खोक्याखेरीज त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती. पुन्हा रंग टोचणं तिच्या किडन्यांना झेपलं नसतं, आणि चित्रांवाचून डॉक्टर हात लावणार नव्हते.

दोनच्या सुमारास तिला थंडी वाजली. "माझी शाल खाली तुझ्या खोलीत राहिली बघ," ती म्हणाली.

"आत्ता आणतो," म्हणून हेरंब खाली गेला.

स्क्रीन लाल झाली होती. सात नंबरची डिस्क मेलेली. तीही पाच दिवसांपूर्वी! खोकं पाच दिवस बोंबलत होतं आणि पंख्याच्या फालतू सूचनांना कंटाळून हेरंबनंच त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं. एक डिस्क मेली तर बाकीच्या तिचा भार ओढतात. दुसरी गेली की सगळं पाण्यात. आणि आता आणखी एक धापा टाकत होती.

त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. रडला. बाहेरच्या कुणाचा दोष असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

नवी डिस्क कपाटात होती. मेलेली ओढायची, नवी सारायची. जुन्या खोक्याचे दिवे कधीच गेलेले, भरवसा फक्त नंबरावर. त्यानं सात नंबरचा खटका धरला.

फोन थरथरला.

दोन वाजून सतरा मिनिटं. त्याच खोक्याची सूचना... ज्याच्या सूचना बंद होत्या.

जबाबदार: विश्वासराव शिर्के.

ठिकाण: हेरंबच्या मागे.

त्यानं मागं पाहिलं नाही.

तपकिरीचा वास आला. खुर्ची करकरली... थांबली.

हात खटक्यावरच. फक्त नजर सरकली. आठव्या डिस्कवर पांढरी पट्टी. मघाशी नव्हती. शाई ओली. तारीख डिस्क मेली त्याच दिवसाची.

तेव्हा त्याला आठवलं. खोकं शून्यापासून मोजतं, त्याच्यावर छापलेले नंबर एकपासून. खोक्याची सात म्हणजे इथली आठ. सात ओढली असती तर चांगली डिस्क निघाली असती. आणि मनाली...

त्यानं आठवी ओढली. नवी सारली. स्क्रीनवरचा आकडा हळूहळू चढू लागला.

वास तसाच होता.

"विश्वासराव..." तो पाठमोराच म्हणाला. "ती जगेल ना? सांगा ना... तुम्हाला कळतं सगळं."

खुर्ची पुन्हा करकरली. मग वास गेला.

सकाळी चित्रं उघडली. ऑपरेशन उत्तम झालं. मनालीला बाहेर आणल्यावर नर्सनं हेरंबला विचारलं, "भाई, आ पट्टी तमे लगावी? अमारी नथी." म्हणजे ती हॉस्पिटलची नव्हती.

मनगटावर, हॉस्पिटलच्या नावाच्या पट्ट्याखाली, पांढरी चिकटपट्टी. निळी शाई.

हेरंबनं ती सोडवून खिशात घातली.

ओट्यावर समरजितनं हळूच विचारलं, "कोणती तारीख होती, काका?"

"नाही दाखवली त्यानं." जयसिंगराव हॉलच्या किल्लीकडे बघत राहिले. "मी म्हटलं, अरे, डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे, फेकून दे ती पट्टी. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, डिसेंबरचं राहू द्या काका... जूनमध्ये हॉल मिळेल?"