टोंगाला जाणारे चष्मे

जर्मनीतल्या येनाच्या ट्रामथांब्यावर एका उंच तरुणाच्या हातातलं खोकं फाटलं आणि फूटपाथभर चष्मेच चष्मे सांडले. काळे, सोनेरी, जाड काचांचे, नाजूक काड्यांचे...

"अरे देवा!" तो पुटपुटला.

अपेक्षाची ट्राम समोर उभी होती. पायरीवर टाकलेला पाय तिनं मागे घेतला. नागपूर सोडून ती इथल्या काचसंशोधन संस्थेत आली, त्याला बरेच दिवस झाले होते, आणि रस्त्यात असं मराठी कानावर पडणं म्हणजे...

"हलू नका," ती म्हणाली. "तुमच्या टाचेखाली एक आहे."

तो जागच्या जागी थिजला. मग हळूच मान वर केली. एप्रिलच्या भुरभुर पावसात भिजलेले केस आणि त्याखाली दोन चकित डोळे! अपेक्षाला हसू आवरेना.

खोक्यावर नाव होतं, उज्ज्वल भिंगारदिवे. आडनाव वाचून ती खुललीच. "जय भीम! कुठले तुम्ही?"

"जय भीम. नगरचा. पण... आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. आम्ही ख्रिस्ती."

"अय्या, सॉरी!"

"सॉरी कशाला? भीमजयंतीचं जेवण मी कधी चुकवलेलं नाही."

चष्मे वेचता वेचता बाकीचं कळलं. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवर चर्चच्या मिशनचा डोळ्यांचा दवाखाना होता. उज्ज्वल तिथं सेवेला होता. छोट्याशा प्रशिक्षणासाठी येनाला आला होता आणि जाताना इथल्या चर्चमध्ये गोळा झालेले जुने चष्मे नेणार होता. फक्त प्रत्येकाचा नंबर आधी तपासायला हवा होता.

"आमच्याकडे एक लेन्समीटर नुसताच पडून असतो," अपेक्षाच्या तोंडून निघून गेलं. "विचारून आणू शकते... संध्याकाळी."

"रोज?"

"रोज कशाला?" ती म्हणाली. आणि गेली मात्र रोज.

चर्चच्या हॉलमध्ये ती नंबर सांगायची, तो चिठ्ठी चिकटवायचा आणि टोंगाबद्दल बोलत राहायचा. शनिवारी संध्याकाळी घरोघरी स्वयंपाकासाठी पेटणाऱ्या जमिनीतल्या भट्ट्या, आणि रविवारी सगळं गाव बंद. शेत नाही, दुकान नाही, पोहणंसुद्धा नाही! कमरेला विणलेली चटई गुंडाळून प्रार्थनेला जायचं.

"चटई? तुम्ही?"

"गेनाऊ! अगदी मीच! आणि पहिल्याच रविवारी गाण्याला उभा राहिलो, तशी ती सुटली."

अपेक्षा इतकी हसली, की टेबलावरचे चष्मे खुळखुळले.

"श्रद्धा डळमळते का हो कधी?" एकदा तिनं विचारलं.

"डळमळते ना." त्यानं एक चिठ्ठी चिकटवली. "वादळात दवाखान्याचं छप्पर उडालं. कितीतरी दिवस प्रार्थनेला बसायचो, शब्दच यायचे नाहीत. मग एक आजी चष्म्याला आल्या. डोक्यावर उघडं आभाळ! चष्मा लावला आणि सगळ्यात आधी स्वतःचे हात बघितले. किती सुरकुतले म्हणून खळखळून हसल्या. त्या संध्याकाळी मी पुन्हा गुडघे टेकले."

"मी सकाळी बुद्धवंदना म्हणते," अपेक्षा हळूच म्हणाली. "पण नुसती घाई. ट्राम गाठायची असते."

"घाईत का होईना, सोडली नाहीत ना?"

एकाच चष्म्याकडे दोघांचे हात गेले होते. कुणीच मागे घेतला नाही.

शेवटच्या संध्याकाळी खोकी बंद झाली. चर्चच्या बाई किल्ल्या घेऊन दारात ताटकळत होत्या. उज्ज्वल उगीचच चिकटपट्टी पुन्हा पुन्हा दाबत होता.

"मला अजून दोन वर्षं तिथं राहायचंय. तुम्ही... थांबाल?"

"नाही."

त्याचा चेहरा एवढासा झाला.

"थांबणार नाही. येणार!" तिनं त्याच्या हातातून चिकटपट्टी काढून घेतली. "डिसेंबरचा उरलाउब, म्हणजे रजा हो, आजच मंजूर करून घेतला. पण एक सांगते, मी धर्म बदलणार नाही."

"मी तरी कुठं बदलणार आहे? मग तुम्हाला कसं म्हणू?" त्यानं मधलं खोकं बाजूला सारलं. "आणि आईला काय सांगाल?"

"खरं तेच. आधी रडेल... मग विचारेल, मुलगा जेवतो काय?"

"ओफा अतु," तो कसाबसा म्हणाला.

"म्हणजे?"

"टोंगात प्रेम असलं की म्हणतात. म्हणजे... निघताना शेजाऱ्यांनाही म्हणतात."

"मग ते नको. मराठीत सांगा. मराठीत शेजाऱ्यांना म्हणत नाहीत."

त्याचे कान लालबुंद झाले. "माझं... प्रेम आहे तुमच्यावर."

"तुमच्यावर?"

"तुझ्यावर!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या त्या बाईंनी किल्ल्या काखोटीला मारून दारातूनच टाळ्या वाजवल्या.