झाडाशी अबोला

मोहिमेत तिघे होते: वायरमन, सौर पॅनल आणि बॅटरी. पैकी बोलणारा एकच, आणि त्याचं ऐकणारं कोणी नव्हतं. डोंगरमाथ्यावरच्या झोपडीत त्याचा मामा वणव्यांवर नजर ठेवून एकटा राहत होता. चार महिन्यांपूर्वी तिथला वायरलेस वीज नसल्यामुळे मुका झाला. आता वणवा लागला तरी मामाने तो नुसता बघायचा! तो वायरलेस सुरू करायलाच वायरमन निघाला होता.

पहिल्या ओढ्याने त्याचा एक बूट नेला. खिंडीत माकडांची अख्खी टोळी पाठीवरच्या पॅनलमध्ये आपापली तोंडं न्याहाळत मागून चालत आली. मग कंटाळून तीही गेली. त्याला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोचला. मामाने त्याला आधी हात लावून पाहिला, मग ‘ये’ म्हटलं.

झोपडीच्या छपरावर एका थोराड झाडाची दाट सावली होती.

“मामा, ही फांदी तोडावी लागेल.”

“त्याला विचार.”

“मामा, ते झाड आहे.”

“माहितेय. पण तूच विचार. माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे.”

“का?”

“मी मनातलं काही सांगायला लागलो की हा पानं गाळत बसतो. पंधरा दिवस झाले.”

वायरमनने मामाकडे पाहिलं. फांदीकडे पाहिलं. करवत पिशवीत ठेवली.

ऊन होतं ते फक्त कड्याच्या टोकावर. त्याने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला आवळलं आणि खडकावर चौकट ठोकून पॅनल उचललं. तेवढ्यात वारा आला! पॅनलचं शीड झालं! पाय घसरले. खडक संपला! खाली दरी, वर आभाळ, मध्ये पॅनलला मिठी मारलेला वायरमन!

“पॅनल सोड, गाढवा!” मामा ओरडला. मग झाडाकडे वळून त्याहून मोठ्याने, “तू सोडू नकोस रे, बाबा!”

दोर ताणला. झाड करकरलं. झाडाने सोडलं नाही. वायरमननेही नाही.

वारा पडला तसं मामाने दोघांना वर ओढलं. मग खाली बसून तो बराच वेळ बुंध्याला थोपटत राहिला. बोल्ट आवळले गेले, तार झोपडीत आली. दुपारपर्यंत बॅटरीत जीव आला आणि वायरलेस खरखरला.

“कोण बोलतंय?” खालच्या वनचौकीने विचारलं.

चार महिने मामाने या क्षणासाठी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही येईना. शेवटी म्हणाला, “आम्ही.”

“किती जण?”

“दोघं.”

कोणीतरी आपल्याला मोजलं, यात वायरमनला फार बरं वाटलं. चहा पिऊन, पाया पडून तो एका बुटाने उतरायला लागला. पहिल्या वळणापर्यंत मामाचा आवाज येत होता.

“नाही, नाही, भाचा आत्ताच गेला. हो, आहोत ना. दोघं.”