रेहानाचा वकील

"भाई, आज तुम्ही मागच्या खोलीतून बाहेर येऊ नका," खाली मान घालून अब्दुस्समद थोरल्या भावाला, नुरुद्दीनला, म्हणाला. आज समदच्या मुलीचा, रेहानाचा निकाह. मुलीची कबुली विचारून ती भर मजलिशीत सांगणारा वकील म्हणून पोरीनं हट्टानं बडे अब्बांचंच, म्हणजे नुरुद्दीनचंच, नाव घेतलं होतं. स्वतःचा संसार न मांडलेल्या त्या जिवानं महिनाभर आधीच शेरवानी शिवून ठेवली होती...

पण त्याचे हात! दोन बोटं गळून गेलेली, बाकीची कातडी चिघळलेली. गावानं तो महारोग ठरवून टाकला होता. सख्ख्या भावालाही तसंच वाटत होतं. त्यानं कधी विचारलं नाही, आणि या मुलखाच्या मानी माणसानं कधी सांगितलं नाही! सोयऱ्यांनी हात पाहिले तर वऱ्हाड माघारी जाईल, एवढीच समदची भीती.

"बरं," नुरुद्दीन म्हणाला आणि त्यानं आतून कडी लावून घेतली. निकाह झाला, जेवणं उरकली, भरतीबरोबर वऱ्हाडाचा मचवा पोरीला घेऊन खाडीतून सुटलासुद्धा.

मग उशिरानं इस्पितळाचे म्हातारे डॉक्टर मुबारकी द्यायला आले आणि नुरुद्दीन कुठं म्हणून विचारू लागले. समदनं चाचरत कारण सांगितलं, तसे ते संतापले आणि खरं काय ते सांगू लागले. एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत एक्सरेच्या खोलीतली सगळी माणसं पळाली; एकटा नुरुद्दीन उरला. जिथं दिवसाला पाच फोटो निघत तिथं पन्नास निघू लागले, आणि तापानं लटपटणारे रोगी यंत्राच्या काचेपुढं उभे राहीनात, म्हणून तो प्रत्येकाला आपल्या हातांनी धरून ठेवी. त्या किरणांनीच हात जाळले होते. पाच वर्षांच्या रेहानाच्या छातीतला पू फोटोत दिसला म्हणून ती वाचली. तिलाही त्यानंच धरलं होतं!

समद धावतच मागच्या खोलीकडे गेला. आतली कडी निघताच भावाच्या पायाशी बसून तो लहान मुलासारखा रडला.

"सांगितलं का नाहीत, भाई?"

"यंत्र भाजतं म्हटलं असतं, तर गावानं लेकरं आणली असती? तू तरी रेहानाला आणली असतीस?" नुरुद्दीन म्हणाला. "पुढं मात्र सांगायला हवं होतं. चुकलंच माझं... पोरीनं विचारलं का रे माझ्याबद्दल?"

समदनं डोळे पुसले. "विचारलं. मी म्हटलं, त्यांनीच वकील व्हायला नकार दिला."


नुरुद्दीननं खुंटीवरची शेरवानी काढली.

"म्हणजे रडत गेली असेल," तो म्हणाला. "ऊठ. दुसरी होडी बघ."